नशेचे भास की मनाचा आजार? पहिल्या रात्री घरच्यांनी काय सांगावे

ऑगस्ट २०२४ मध्ये गुजरातच्या दहशतवादविरोधी पथकाने भिवंडीतील एका सदनिकेवर छापा घातला. आत एमडी, म्हणजेच मेफेड्रोन, बनवण्याचा कारखाना चालू होता. सुमारे ७९२ किलो द्रवरूप माल, किंमत ८०० कोटी, असे आकडे वर्तमानपत्रांत आले. त्याआधी जून २०२२ मध्ये केंद्राच्या अमली पदार्थ विभागाने भिवंडीजवळ आग्रा महामार्गावर खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधाच्या आठ हजारांहून अधिक बाटल्या पकडल्या होत्या. अशा बातम्या गुन्ह्यांच्या पानावर येतात आणि विसरल्या जातात. आरोग्याच्या पानावर मात्र प्रश्न वेगळा आहे. असला माल घेणारा एखादा तरुण मध्यरात्री "मला मारायला आलेत" म्हणून किंचाळत बाहेर पळाला, तर घरच्यांनी काय करावे? हे नशेमुळे झाले की त्याला मनाचा आजार जडला आहे, हे दवाखान्यात कसे ओळखतात?

हा प्रश्न फक्त डॉक्टरांच्या अभ्यासाचा नाही. उत्तर चुकले तर माणसाचे आयुष्य चुकीच्या वाटेने जाते. खरा आजार असलेल्या मुलावर "नशेबाज आहे, उतरेल आपोआप" असा शिक्का बसला, तर त्याचे उपचाराचे मोलाचे महिने वाया जातात. उलट, नशा उतरताच बरा होणारा मुलगा "वेडा" ठरला, तर त्याच्या वाट्याला नको तितकी वर्षे औषधे येतात आणि लग्न, नोकरी, वस्तीतली ओळख सगळ्यावर डाग पडतो. गरीब वस्तीतून आलेल्या, मळलेल्या कपड्यातल्या तरुणावर पहिला शिक्का फार लवकर बसतो. म्हणून ही माहिती आपल्या घरात असायला हवी.

सायकोसिस हे लक्षण आहे

नसलेले आवाज ऐकू येणे, नसलेल्या वस्तू दिसणे, कोणीतरी पाळत ठेवते आहे किंवा विष घालते आहे अशी समजूत पुराव्याशिवाय घट्ट बसणे, बोलण्यातला धागा तुटणे, या अवस्थेला डॉक्टर सायकोसिस म्हणतात. मराठीत तिला मनोविकृती म्हणतात. आपण "डोके फिरले" म्हणतो, कोणी "बाहेरचे लागले" म्हणतो.

सायकोसिसची तुलना तापाशी करता येईल. ताप मलेरियाने येतो, टायफॉइडने येतो, पिकलेल्या जखमेनेही येतो. नुसत्या तापावरून रोग कळत नाही. तसेच सायकोसिसचे. त्याची कारणे ढोबळमानाने तीन गटांत मोडतात. पहिला गट शरीराच्या आजारांचा: मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया, मेंदूज्वर, डोक्याला मार, फिट, रक्तातली साखर उतरणे, उष्माघात. दुसरा गट नशेचा: नशा चढलेली असणे किंवा सवयीची नशा एकदम बंद होणे. तिसरा गट मूळ मनोविकारांचा: स्किझोफ्रेनिया, बायपोलर आजारातला उन्माद, तीव्र नैराश्य, आणि आपल्याकडे बऱ्यापैकी दिसणारी अचानक येऊन काही आठवड्यांत ओसरणारी मनोविकृती. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात स्किझोफ्रेनिया आणि तत्सम आजार आयुष्यात कधीतरी झालेल्या प्रौढांचे प्रमाण १.४ टक्के आढळले. म्हणजे हजार प्रौढांच्या वस्तीत अशी चौदा माणसे असू शकतात.

एका रात्रीचे तीन रुग्ण

समजा, एकाच रात्री रुग्णालयाच्या अपघात विभागात तीन रुग्ण आहेत. तिघेही ओरडत आहेत, तिघांनाही भास होत आहेत.

पहिला बावीस वर्षांचा, गोदामात माल चढवणारा. तीन रात्री झोपलेला नाही. कातडीखाली किडे फिरतात म्हणून त्याने हात ओरबाडून घेतले आहेत. अंग घामाने भिजले आहे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या आहेत, नाडी १४० आहे.

दुसरा वीस वर्षांचा. मित्रांबरोबर गांजा ओढतो, हे घरच्यांना माहीत आहे. पण नीट विचारल्यावर आई सांगते की सात-आठ महिन्यांपासून तो गप्प झाला, आंघोळ टाळू लागला, कॉलेज सोडले, एकटाच हसतो. दोन शेजारी त्याच्याविषयी आपसात बोलतात, ते बोलणे त्याला भिंतीपलीकडून ऐकू येते. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे तो बरोबर सांगतो. ताप नाही, नाडी ठीक.

तिसरा पंचेचाळीस वर्षांचा यंत्रमाग कामगार. मागात हात सापडला म्हणून तीन दिवसांपूर्वी भरती झाला. आज संध्याकाळपासून हात थरथरतात, घाम फुटला आहे, चादरीवर मुंग्या आणि उंदीर दिसतात. वॉर्डालाच तो मागाचा शेड समजतो आणि तुटलेला धागा जोडायला उठतो.

लांबून पाहणाऱ्याला तिघे सारखेच वाटतील. पहिल्याचे चित्र एमडीसारख्या उत्तेजक नशेशी जुळते. दुसऱ्याचा गांजा सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो, पण मागचे आठ महिने स्किझोफ्रेनियाकडे बोट दाखवतात. तिसऱ्याला नशा चढलेली नाही. रोजची देशी तीन दिवस मिळाली नाही, म्हणून हे झाले आहे. आणि तिघांत सर्वांत धोक्यात तोच आहे.

आधी शरीर, मग मन

म्हणूनच चांगला डॉक्टर पहिल्या तासात "नशा की आजार" या वादात पडत नाही. तो ताप, नाडी, रक्तदाब, श्वास, रक्तातली प्राणवायूची पातळी मोजतो. बोट टोचून साखर तपासतो. डोक्यावर जखम आहे का, मान ताठ आहे का, हे पाहतो. आपल्याकडे पावसाळ्यात मलेरिया-डेंग्यूचे रुग्ण वाढतात. ताप आणि बरळणे एकत्र दिसले तर रक्त तपासल्याशिवाय कोणीही "मानसिक" म्हणू नये.

एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात राहत नाही: टीबीची औषधे. आयसोनियाझिडमुळे क्वचित आणि बिघडलेल्या टीबीसाठी दिल्या जाणाऱ्या सायक्लोसेरीनमुळे त्याहून अधिक वेळा भास आणि संशय उद्भवू शकतात. स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही असे होते. औषधे मनाने बंद करायची नाहीत, पण सगळ्या पट्ट्या डॉक्टरांसमोर ठेवायच्या.

दारू सुटल्यावरचे वेळापत्रकही माहीत असावे. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत कंप आणि घाम सुरू होतो. बारा ते चोवीस तासांत काहींना भास होतात. फिट आली तर बहुधा पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान ताप, कंप, भ्रम आणि बरळणे अशी गंभीर अवस्था येऊ शकते, आणि उपचार न मिळाल्यास तीत माणूस दगावू शकतो. रोज पिणारा माणूस रुग्णालयात भरती झाला, लग्नाला गावी गेला, कोठडीत अडकला, किंवा घरच्यांनी खोलीत कोंडला, की तिसऱ्या दिवशी हा प्रसंग येतो. अशा रुग्णाला ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन लागते आणि ते ग्लुकोजच्या बाटलीआधी दिले जाते, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून रोज दारू पिणाऱ्या आपल्या माणसाला कुठल्याही कारणाने भरती करताना, अगदी हाड मोडले म्हणून असले तरी, "हे रोज इतकी घेतात आणि शेवटची अमुक वेळी घेतली" हे पहिल्याच दिवशी सांगावे.

ताडीचेही असेच. भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेट किंवा झोपेची औषधे मिसळली जातात. सप्टेंबर २०१५ मध्ये तेलंगणातील निजामाबाद भागात भेसळीच्या ताडीवर कारवाई होऊन विक्री अचानक थांबली, तेव्हा सवय लागलेले लोक फिट, कंप आणि विचित्र वागणे घेऊन रुग्णालयांत भरती झाले. भिवंडीच्या मागांवर तेलंगणातून आलेले अनेक विणकर काम करतात. त्यांच्या शेजाऱ्यांनी आणि मुकादमांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

डॉक्टर कोणत्या खुणा पाहतात

शुद्ध आणि भान: शरीराच्या आजारात, विषबाधेत आणि दारू तुटल्यावर भान जाते-येते. दिवस, जागा, माणसे ओळखता येत नाहीत. स्किझोफ्रेनियात माणूस भलतेच बोलत असला तरी बहुधा पूर्ण शुद्धीत असतो.

भासांचा प्रकार: वस्तू-प्राणी दिसणे, अंगावर किडे फिरणे, हे नशा किंवा शरीराचा आजार सुचवते. दोघे आपल्याविषयी बोलत आहेत, आपल्या प्रत्येक कृतीवर कोणी टिप्पणी करत आहे, आपले विचार बाहेर ऐकू जातात, हे मूळ मनोविकारात जास्त आढळते. मात्र दारूमुळे पूर्ण शुद्धीत आवाज ऐकू येणारे रुग्णही असतात, त्यामुळे एका खुणेवर निकाल लागत नाही.

शरीराच्या खुणा: घाम, मोठ्या बाहुल्या आणि धावती नाडी म्हणजे एमडी किंवा कोकेनसारखे उत्तेजक. बाहुल्या मोठ्या, पण अंग कोरडे, तापलेले, लालसर आणि तोंडाला कोरड, म्हणजे धोतऱ्याची विषबाधा. भांगेत धोतऱ्याचे बी मिसळल्याने असे होऊ शकते. टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि संथ श्वास म्हणजे गर्द किंवा कोडीन.

कोडीनच्या बाबतीत एक बारकावा आहे. खोकल्याच्या शंभर मिलिलिटर औषधात साधारण २०० मिलिग्रॅम कोडीन असते. बाटल्याच्या बाटल्या पिणाऱ्याला जबर सवय लागते, श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो. पण अफूच्या कुळातले पदार्थ एकटे असताना क्वचितच भास घडवतात. तेव्हा "हा सिरप पितो" म्हणून भासांचे कारण मिळाले, असे समजू नये. त्यासोबत "बटन" म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या होत्या का, त्या तुटल्या का, की मूळ आजार आहे, हे शोधावे लागते.

वय: स्किझोफ्रेनिया पुरुषांत बहुधा अठरा ते पंचविशीच्या आसपास उघड होतो. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर आयुष्यात प्रथमच भास होऊ लागले, तर आधी शरीराचे कारण किंवा दारू तपासायची.

क्रम: ही सर्वांत मोलाची खूण. आधी नशा आली की आधी बदल? नशा वाढल्यावर दोन-तीन दिवसांत भास झाले, आधी मुलगा ठणठणीत होता, तर नशा. नशेच्या आधीपासूनच तो बदलत चालला होता, किंवा मधल्या काळात नशा बंद असतानाही आवाज येत होते, तर मूळ आजार. रक्ताच्या नात्यात कोणाला असा आजार होता का, हेही यात धरतात.

लघवीची तपासणी सगळे सांगत नाही

"लघवी तपासा, कळेल" असे घरचे म्हणतात. ही तपासणी उपयोगी आहे, पण तिच्या मर्यादा मोठ्या. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश कित्येक आठवडे सापडतो. म्हणून तपासणी जुळली तरी आजचे भास गांजाचेच, असे सिद्ध होत नाही. उलट मेफेड्रोन नेहमीच्या पट्टीच्या तपासणीत बहुतेक वेळा सापडतच नाही. पट्टी कोरी आली म्हणजे नशा नव्हती, असेही म्हणता येत नाही. त्यामुळे घरच्यांनी दिलेली खरी माहिती कोणत्याही पट्टीपेक्षा वरचढ ठरते.

ही माहिती अशी द्यावी:

१. काय घेतले: दारू, ताडी, गांजा, एमडी, सिरप, गोळ्या, व्हाइटनर. उरलेली पुडी, बाटली, पट्टी सोबत न्यावी.
२. किती, किती दिवसांपासून, आणि शेवटचे कधी. तास सांगता आला तर उत्तम.
३. किती रात्री झोप नाही.
४. विचित्र वागणे कधी सुरू झाले: अचानक की महिनोन्महिने हळूहळू.
५. नशा बंद असतानाच्या काळात तो कसा होता.
६. ताप, फिट, डोक्याला मार, साखर, टीबी किंवा दुसरे आजार. चालू असलेली सर्व औषधे.
७. पूर्वी असा झटका, आत्महत्येचा प्रयत्न, किंवा नात्यात मनाचा आजार.

भिवंडीत हजारो कामगार गावाकडे कुटुंब ठेवून एका खोलीत आठ-दहा जण राहतात, पाळीपाळीने झोपतात. अशा वेळी रुग्णाला दवाखान्याच्या दारात सोडून निघून जाऊ नये. खोलीतल्या साथीदाराला जे माहीत आहे ते गावच्या आईलाही माहीत नसते. त्याने थांबावे, बोलावे आणि घरच्यांशी फोनवर डॉक्टरांचे बोलणे करून द्यावे.

शरम आणि भीती

पंचशील पाळणाऱ्या घरात "आमचा मुलगा नशा करतो" हे डॉक्टरांपुढे म्हणताना जीभ अडखळते. पाचवे शील आपल्याला नशेपासून दूर राहायला सांगते. ते मोडले गेले तर घरात त्याविषयी जरूर बोलावे. पण अपघात विभागात ते लपवणे म्हणजे डॉक्टरांच्या डोळ्यांवर पट्टी बांधणे. काही घरांत उलटे घडते. मनाचा आजार मान्य करण्यापेक्षा "कोणीतरी पाजले असेल" असे म्हणणे सोपे वाटते. दोन्ही बाबतीत नुकसान मुलाचेच.

पोलिसांची भीतीही असते. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण आहे. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक केले आहे.

हाच कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांनाही मानसिक आजारातच धरतो. "हा नशेडी आहे, मानसिक रुग्ण नाही" म्हणून उपचार नाकारण्याला त्यात आधार नाही. शिवाय माणसाची आर्थिक-सामाजिक स्थिती किंवा तो कुठल्या समूहातला आहे यावरून त्याला मानसिक आजार ठरवता येत नाही, हेही या कायद्यात लिहिले आहे.

आणि देवऋषी? करणी, भूतबाधा म्हणून धूर देणे, मारहाण करणे, साखळीने बांधणे हे आपण नाकारलेच आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. आज मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार कोणत्याही रुग्णाला साखळीने बांधता येत नाही.

घरात आणि रुग्णालयात काय घडते

रुग्ण आक्रमक असेल तर गर्दी हटवा. एकाच विश्वासाच्या माणसाने, समोरून, हळू आवाजात बोलावे. "असे काही नाही, वेड्यासारखे बोलू नकोस" असा वाद घालू नये. "तू घाबरला आहेस, आपण डॉक्टरकडे जाऊ" एवढे पुरे. कात्री, सुरी, जड हत्यारे दूर ठेवावीत. घरातली झोपेची गोळी देऊ नये, कारण पोटात दारू किंवा कोडीन असेल तर श्वास थांबू शकतो. पालथे पाडून पाठीवर बसू नये, गुदमरून मृत्यू होतो. फिट आली किंवा शुद्ध हरपली तर कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि १०८ ला फोन करावा.

रुग्णालयात शांत करण्यासाठी इंजेक्शन दिले जाते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०० आक्रमक रुग्णांवर दोन पद्धतींची तुलना झाली: एकीकडे लोराझेपाम, दुसरीकडे हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन एकत्र. दोन्ही उपयोगी ठरल्या, दुसरीने रुग्ण लवकर शांत झाले. पण दारू तुटलेल्या रुग्णाला लोराझेपाम किंवा डायझेपामच्या गटातले औषध लागते. एकट्या हॅलोपेरिडॉलने त्याला फिट येण्याचा धोका वाढतो. "शेवटची दारू कधी?" या प्रश्नाच्या उत्तरावर सुई बदलते, ती अशी.

जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे मानसोपचार देऊ शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यावी लागते. रस्त्यावर भरकटलेला मनोरुग्ण दिसला तर पोलिसांनी त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचे असते, कोठडीत ठेवायचे नसते.

महिनाभराची परीक्षा

पहिल्या रात्री नक्की निदान झाले नाही म्हणून डॉक्टरांवर रागावू नका. अनेकदा ते होतच नाही. केसपेपरवर "सायकोसिस, कारण तपासाधीन" असे लिहिणे हेच प्रामाणिक असते. खरा निवाडा काळ देतो. नशा पूर्ण थांबल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत भास ओसरले, तर कारण बहुधा नशा. नशेविना महिना उलटूनही ते टिकले, तर मूळ आजार धरून उपचार करतात.

इथेच आपली सर्वांत मोठी चूक होते. चौथ्या दिवशी मुलगा नीट बोलू लागतो, आपण घरी आणतो, तो कामावर जातो, आणि पुन्हा दाखवायला कोणी जात नाही. डेन्मार्कमध्ये नशाजन्य सायकोसिसचे निदान झालेल्या ६,७८८ रुग्णांचा मागोवा घेणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी सुमारे ३२ टक्क्यांना पुढे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार झाल्याचे दिसले. गांजामुळे सायकोसिस झालेल्यांत हे प्रमाण ४७ टक्क्यांच्या आसपास होते. "गांजा काय, साधा पाला" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. याची दुसरी बाजूही तितकीच खरी: एकूण पाहता तीनांतल्या दोघांना तो आजार झाला नाही. म्हणून घाबरून जाऊ नये आणि गाफीलही राहू नये. साधारण पंधरा दिवसांनी, महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी दाखवावे. औषध किती दिवस घ्यायचे ते डॉक्टरांनी ठरवावे. पहिल्या कागदावरचा शिक्का कायमचा समजू नये आणि तो बदलला तर डॉक्टर गोंधळले असेही समजू नये.

दोन्ही एकत्र असलेले रुग्णही पुष्कळ आहेत. आवाजांचा त्रास दबावा म्हणून आजारी माणूस दारूकडे, गांजाकडे वळतो. "आधी व्यसन सोड, मग डोक्याचा इलाज" किंवा त्याउलट, असे करून चालत नाही. दोन्ही उपचार बरोबरीने व्हावे लागतात. व्यसनमुक्ती केंद्र निवडताना ते नोंदणीकृत आहे का आणि तिथे मनोविकारतज्ज्ञ येतात का, हे आधी विचारावे.

कुठे जावे

भिवंडीत तातडीच्या वेळी इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. ताप, फिट, बेशुद्धी किंवा जखम असेल तर आधी सामान्य रुग्णालयच गाठावे, थेट मनोरुग्णालय नको. पुढच्या उपचारासाठी कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, मुंबईतील केईएम, नायर, शीव आणि जे. जे. रुग्णालये, तसेच १९०१ पासून चालू असलेले ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. घरबसल्या सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६, व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६. दोन्ही मोफत आहेत.

हे क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवावेत. वस्तीतल्या मंडळाने पाच-सहा तरुणांची नावे ठरवून ठेवावीत, म्हणजे रात्री दोन वाजता कोणाच्या घरातून किंकाळी आली तर बघ्यांची गर्दी जमण्याऐवजी एक जण १०८ ला फोन करील, एक जण रुग्णाशी बोलत राहील, आणि एक जण त्या सात प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घेईल. तो कागद डॉक्टरांच्या हातात द्यावा.